दालमिलच्या फायर फॉर्मवर ‘लागू नाही’ लिहिण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: जळगाव एमआयडीसीत दालमिल आहे. बाजूच्याच गाळ्यात धाकटा भाऊ प्लास्टिकच्या पिशव्यांवर छपाई करतो. विमा कंपनीने आगीच्या धोक्याचं मूल्यांकन मागितलं, सल्लागाराने दहा पानांचा फॉर्म भरून दिला. त्यात ‘धोकादायक पदार्थ व स्फोटक वातावरण’ या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलंय. “आमच्याकडे केमिकल नाहीच, तर हे बरोबर आहे ना? आणि उद्या लागू आहे असं निघालं तर सगळीकडे एफएलपी फिटिंग बसवावी लागेल का?”

आधी ते ‘लागू नाही’ खोडा. एफएलपीचं, म्हणजे आतली ठिणगी आतच ठेवणाऱ्या फ्लेमप्रूफ फिटिंगचं, शेवटी सांगतो.

सल्लागाराला मी दोष देत नाही. हे फॉर्म मुळात ऑफिस, लॉज, दवाखाना यांच्यासाठी बेतलेले असतात. काय जळेल, कशाने पेटेल, माणसं कुठून बाहेर पडतील, आग विझवायचे सिलिंडर किती, रिफिल कधी केले, एवढंच त्यात विचारतात. या सगळ्यामागे एक गोष्ट गृहीत धरलेली असते: आग लागल्यावर तुमच्या हातात चार-दोन मिनिटं आहेत. धूर दिसेल, कुणीतरी ओरडेल, कुणीतरी सिलिंडर काढेल, बाकीचे बाहेर पळतील. पण जिथे हवाच पेटते तिथे ही मिनिटं मिळत नाहीत. भडका उडतो तेव्हा माणूस त्याच्या आतच उभा असतो. मग दाराची रुंदी किती आणि सिलिंडर कुठे टांगलाय याला काही अर्थ उरत नाही. म्हणून ‘आमच्याकडे काय काय जळतं’ हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: आमच्या आवारात हवा पेटण्याजोगी कुठे होते, कधी होते आणि किती वेळ तशी राहते?

३१ ऑगस्ट २०१९ ला शिरपूरजवळ वाघाडीच्या केमिकल कारखान्यात स्फोट झाला, बारापेक्षा जास्त माणसं गेली. तेव्हापासून आपल्या खान्देशात स्फोट म्हटलं की लोकांना केमिकल फॅक्टरीच आठवते. दालमिलवाला म्हणतो आमचा काय संबंध, जिनिंगवाला म्हणतो आमच्याकडे तर कापूस. पण कारखाने कायदा, १९४८ मधलं कलम ३७ काढून बघा. पेटून स्फोट होऊ शकेल अशा गोष्टींची यादी तिथे आहे, आणि त्या यादीत पहिला शब्द धूळ आहे. वायू आणि वाफ नंतर येतात. २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा कामगार संहितेने घेतली, कलमांचे नंबर बदलले. धूळ तीच राहणार. इंग्लंड-वेल्समध्ये तर आगीच्या मूल्यांकनाच्या २००५ च्या आदेशातच धोकादायक पदार्थांचा विचार सक्तीचा केलाय आणि त्यांच्यासाठी २००२ पासून वेगळे नियमही आहेत. म्हणजे दोन कागद वेगळे असले तरी चालतात, एकत्र असले तरी चालतात. एक कागद दुसऱ्याला विसरला तर मात्र चालत नाही.

आता तुमच्या मिलमधून चालत जाऊ.

तूर येते, चाळणीतून जाते, इमरी रोलरवर घासली जाते, तेल-पाणी लागतं, वाळते, फुटते, पॉलिश होते. प्रत्येक टप्प्यावर टरफल आणि बारीक पीठ सुटतं. चुनी आणि भुसा पोत्यात जातो, त्याचे पैसे येतात, तिकडे सगळ्यांचं लक्ष असतं. जे पोत्यात जात नाही ते बीमवर, केबल ट्रेवर, ट्यूबलाइटच्या पत्र्यावर बसतं, आणि तिकडे वर्षभर कुणी बघत नाही.

हिवाळ्यात शेतात भरीत करताना तुम्ही पाहिलं असेल. पऱ्हाट्यांच्या जाळावर भुशाचं पोतं ठेवलं तर ते नुसतं धुमसत बसतं. तोच भुसा मूठभर उधळला तर भक्कन होतो. जिन्नस एकच, पण उधळल्यावर प्रत्येक कणाला चारी बाजूंनी हवा मिळते. धुळीच्या स्फोटाला पाच गोष्टी लागतात: जळणारी धूळ, हवा, ठिणगी, ती धूळ उडालेली असणं आणि ती कोंडलेली असणं. जाळावर उधळलेला भुसा कोंडलेला नसतो, म्हणून नुसता भडकतो. तुमचा एलिव्हेटर, म्हणजे बादल्या लावलेल्या पट्ट्याने माल वर नेणारं यंत्र, मात्र पत्र्याची उभी नळीच आहे. आत धूळ सतत उडतेय, बाजूंनी कोंडलेली आहे, हवा आहे. पाचातल्या चार गोष्टी रोज, मिल चालू असेपर्यंत हजर. राहिली फक्त ठिणगी.

धान्याच्या धुळीला साधारणपणे घनमीटरला पन्नासेक ग्रॅम झाले की स्फोट होऊ शकतो. हे प्रमाण डोळ्यांसमोर आणायचं तर दोन मीटरवरचा दिवा दिसेनासा होतो इतकी दाट धूळ. म्हणून मिलच्या मोकळ्या जागेत, माणसं जिथे वावरतात तिथे, हे वातावरण सहसा नसतं. तिथे कुणी श्वासच घेऊ शकणार नाही. ते असतं एलिव्हेटरच्या आत, हवेतली धूळ वेगळी करणाऱ्या सायक्लोनमध्ये, डस्ट रूममध्ये, पिठाच्या बिनमध्ये माल पडत असताना.

मग बाहेरच्या बीमवरच्या धुळीचं काय? एक साधा हिशेब करा. एक मिलिमीटर थर, म्हणजे बोटाने नाव लिहिता येईल एवढा. धुळीची घनता घनमीटरला ५०० किलो धरली तर एका चौरस मीटरवर अर्धा किलो धूळ झाली. पाच मीटर उंच शेडमध्ये ती सगळी उडाली तर घनमीटरला १०० ग्रॅम. लागतात त्याच्या दुप्पट. एलिव्हेटरमध्ये लहानसा स्फोट झाला की त्याच्या धक्क्याने वरची धूळ खाली झडते आणि मागून येणारी ज्योत तिला पेटवते. माणसं मरतात ती बहुतेक या दुसऱ्या स्फोटात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात पोर्ट वेंटवर्थला ७ फेब्रुवारी २००८ ला साखर कारखान्यात हेच झालं, १४ जण गेले. तिथे सायलोखालचा, म्हणजे साखरेच्या उंच कोठीखालचा, कन्व्हेयर आधी उघडा होता. साखरेत कचरा पडू नये म्हणून तो पत्र्याने बंद केला, आत धूळ कोंडू लागली. पहिला स्फोट तिथला. पुढचे सगळे मजल्यांवर साचलेल्या साखरेच्या धुळीचे. स्वच्छतेसाठी केलेला बदल होता, पण तो करताना हवेचा प्रश्न कुणी विचारला नाही. आपले शहादा-यावलकडचे साखरवाले हे वाचत असतील तर त्यांनीही आपापला कन्व्हेयर एकदा बघून यावं.

मी स्वतः पाहिलेला प्रकार लहान आहे, पण जवळून पाहिलाय. एका मिलमध्ये दिवाळीनंतर उडीद चालू होता. एलिव्हेटरच्या बुटात, म्हणजे तळाच्या पेटीत, माल तुंबला, पट्टा घसरायला लागला, वरची पुली नुसती घासत राहिली. ऑपरेटरला वास आला, जळक्या रबराचा. त्याने आधी तुंबलेला माल काढायला घेतला, मोटर बंद करायला नंतर गेला. ‘भप्प’ असा आवाज झाला. त्याच्याच शब्दांत, “कुणीतरी पत्र्याच्या पेटीवर आतून लाथ मारल्यासारखा”. एलिव्हेटरचा पत्रा पोट फुगल्यासारखा बाहेर आला, वरचं तपासणीचं झाकण उडून छपराला लागलं, पोराच्या भुवया गेल्या. एवढ्यावरच निभावलं. का, तर आठ दिवसांपूर्वी लक्ष्मीपूजनासाठी शेठजींनी मिल वरपासून खालपर्यंत झाडून घेतली होती. बीमवर धूळच नव्हती, म्हणून दुसरा स्फोट झाला नाही. मी त्यांना म्हटलं, शेठ, आता दर महिन्याला दिवाळी करा.

त्या एका एलिव्हेटरवर पुढे जे केलं तेच तुमच्या फॉर्ममध्ये यायला हवं. चाळणीच्या आधी चुंबक आणि खडे काढायचं यंत्र, म्हणजे खिळा किंवा दगड आत जाऊन ठिणगी पडणार नाही. पट्ट्याची गती मोजणारा सेन्सर, गती कमी झाली की मोटर आपोआप बंद. बेअरिंग केसिंगच्या बाहेर, हात लावून तापमान कळेल अशी. लोखंडी बादल्यांच्या जागी प्लास्टिकच्या. आणि वरच्या टोकाला स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी कमजोर झडप, छपराच्या वर मोकळ्या हवेत तोंड करून. ती झडप किती मोठी हवी हे मात्र अंदाजाने ठरवू नका. त्यासाठी तुमच्या धुळीचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो आणि हिशेब जाणकाराने करावा लागतो. माणसं उभी असतात त्या गॅलरीकडे तोंड करून लावलेली झडपही मी पाहिलीय. त्यापेक्षा नसलेली बरी.

झाडण्याबद्दल एकच सांगतो. कॉम्प्रेसरची हवा मारून साफसफाई बंद करा. पोरांना ते आवडतं, पटकन होतं, पण ते धूळ काढत नाही, उडवते. मोटर-स्टार्टर चालू असताना तर नाहीच नाही. मऊ झाडू, नाहीतर धुळीसाठी बनवलेला व्हॅक्यूम. घरगुती व्हॅक्यूमच्या मोटरमध्ये कार्बन ब्रशच्या ठिणग्या पडतात, तो नको. आणि धुळीचा ढीग धुमसताना दिसला तर त्यावर पाण्याचा किंवा पावडरचा जोराचा फवारा मारायचा नाही. ढीग उधळतो आणि धुमसणारं पेटतं. पाणी हलकं, धुक्यासारखं मारा. हे सिक्युरिटीवाल्यालाही सांगून ठेवा, रात्री तोच पहिला पोचणार आहे.

आता भावाचा गाळा. धोका तिथे जास्त आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

छपाईची शाई पातळ करायला इथाइल अ‍ॅसिटेट, टोल्युइन असलं काहीतरी असणार. तुम्ही त्याला थिनर म्हणता. “आमच्याकडे केमिकल नाही” म्हणालात, ते इथेच खोटं ठरतं. फ्लॅश पॉइंट म्हणजे द्रवाच्या वर पेटण्याइतकी वाफ जमायला लागणारं किमान तापमान. टोल्युइनचा सुमारे ४ अंश, इथाइल अ‍ॅसिटेटचा शून्याखाली. म्हणजे जळगावच्या कुठल्याही दिवशी, पौषातल्या पहाटेसुद्धा, उघड्या डब्याच्या तोंडावरची हवा पेटण्याजोगीच असते.

पण खान्देशात याहून फसवं प्रकरण मधल्या पदार्थांचं आहे. टर्पेंटाइन, रॉकेल, डिझेल. पुस्तकात यांना कमी धोक्याचं म्हटलेलं असतं, कारण त्यांचा फ्लॅश पॉइंट तीस-चाळीसच्या घरात किंवा वर. पण ती पुस्तकं जिथे लिहिली तिथे उन्हाळा पंचविसाचा. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतला पारा ४५ वर जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ड्रमला हात लावला तर चटका बसतो. आपल्याकडच्या डिझेलला मानकाप्रमाणे फ्लॅश पॉइंटची किमान अट ३५ अंशांची आहे. युरोपात ती ५५ आहे. प्रत्यक्षातलं डिझेल याहून बरं असू शकतं, पण मूल्यांकन करताना ३५ धरूनच चालायचं. म्हणजे जानेवारीत जो डिझेलचा ड्रम निवांत आहे, त्याच्या डोक्यातली रिकामी जागा मेमध्ये पेटण्याजोग्या वाफेने भरलेली असू शकते. ड्रम तोच, जागा तीच, फॉर्म तोच. माझा ठोकताळा असा: द्रवाचा फ्लॅश पॉइंट त्या जागेच्या मे महिन्यातल्या दुपारच्या तापमानापेक्षा निदान १५ अंशांनी वर नसेल, तर तो पदार्थ ‘पेटती वाफ देणारा’ म्हणूनच लिहायचा. सल्लागार थंडीत पाहणी करून गेला असेल तर त्याला हे विचारा.

या वाफा हवेपेक्षा जड असतात. टोल्युइनची वाफ हवेच्या तिप्पट जड. ती खाली बसते, फरशीवरून सरपटते, गटारीत उतरते, भिंतीतल्या केबलच्या भोकातून शेजारच्या गाळ्यात जाते. भावाच्या छपरावर गरगर फिरणारे टर्बो पंखे असतील तर ते उकाडा काढतील, वाफ नाही. वाफ काढायला फरशीलगत खेचणारा एक्झॉस्ट हवा. आणि तुमच्या दोन गाळ्यांमधल्या भिंतीत जी भोकं आहेत ती उद्याच्या उद्या बुजवा. मी भिंत पाहिलेली नाही, पण भोकं असणार. भावाभावांच्या गाळ्यात असतातच.

आणखी एक, तिथली स्थिर वीज. प्लास्टिकची फिल्म रोलरवरून धावते तेव्हा रोलजवळ हात नेला तर अंगावरचे केस उभे राहतात, हे तुमचा भाऊ रोज पाहतो. मार्च ते मे आपल्याकडची हवा हाडासारखी कोरडी, तेव्हा हे सगळ्यात वाईट. त्याच हाताने कुणी शाईच्या डब्याला हात लावला की चट्कन ठिणगी पडते. मशीनला अर्थिंग, स्टॅटिक काढणारा बार, आणि थिनर ओतताना लोखंडी ड्रमपासून लोखंडी कॅनपर्यंत क्लिपची तार. प्लास्टिकची बादली, प्लास्टिकचं नरसाळं बंद. गाळ्यात ठेवायचं ते फक्त त्या पाळीला लागेल तेवढंच. विक्रीसाठी नसलेलं ‘अ’ वर्गाचं, म्हणजे २३ अंशांखाली फ्लॅश पॉइंट असलेलं पेट्रोलियम पदार्थातलं काही तुम्ही ३० लिटरपर्यंत विनापरवाना ठेवू शकता. त्यापुढे पेसोचा, म्हणजे नागपूरला मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या केंद्रीय खात्याचा, विषय येतो. तुमचं थिनर त्यात बसतं की नाही हे पुरवठादाराकडून सेफ्टी डेटा शीट मागवून बघा. तो देत नसेल तर पुरवठादार बदला.

आता ज्या गोष्टी कुठल्याच फॉर्मवर मला सापडत नाहीत त्या.

सल्फासच्या गोळ्या. गोदामात भुंगा लागू नये म्हणून ताडपत्रीखाली ठेवतात त्या. विषारी आहेत हे सगळ्यांना माहीत असतं. पेटतात हे बहुतेकांना माहीत नसतं. तीन ग्रॅमच्या गोळीतून साधारण एक ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो आणि हवेत दोन टक्क्यांच्याही आत तो पेटण्याजोगा होतो. नीट पसरून ठेवल्या तर एवढा साचत नाही. पण एकाच जागी ढीग केला, त्यावर छपरातून पाणी टपकलं, किंवा अर्धवट वापरलेली पावडर बादलीत टाकून वर झाकण लावलं, तर आपोआप पेट घेऊ शकतो, काडी लागत नाही. हे काम सरकारमान्य फ्युमिगेशनवाल्याकडूनच करून घ्या, आणि जाताना तो राख-पावडर कुठे टाकतो ते उभं राहून बघा.

बॅटरीच्या खोलीत हायड्रोजन, ४ टक्क्यांपासून पेटतो, हलका म्हणून छताला जातो. तिथे वरची खिडकी उघडी हवी. कँटीनचा १९ किलोचा सिलिंडर उलट, त्याचा गॅस खाली बसतो. खड्ड्यात, तळघरात, गटारीच्या तोंडाशी ठेवू नका. सरकी ढेप आणि तेलकट चिंध्या ढिगात आतून तापतात. याचं एवढंच.

वेल्डिंग आणि कटिंगवर मात्र थांबायला हवं, कारण वर जे जे लिहिलं त्या सगळ्याला ठिणगी पुरवणारा माणूस तोच असतो, आणि तो बहुतेक बाहेरून आलेला असतो.

धुळ्याकडे एका आवारात मी दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो. कोपऱ्यात एक वेल्डर थिनरचा रिकामा ड्रम आडवा पाडून गॅस कटर पेटवायच्या बेतात होता. अर्धा कापून गुरांना पाण्यासाठी हवा होता कुणालातरी. मी हाक मारली तर म्हणाला, “काही होत नही आप्पा, रोजनं काम शे.” मी त्याला कटर खाली ठेवायला लावला, ड्रम उभा केला, बूच काढलं आणि वाफ मोजणारा मीटर लावला. तोंडाशी तीन टक्के एलईएल, म्हणजे पेटण्याच्या किमान मर्यादेच्या जेमतेम तीन टक्के. तो हसला. मग नळी तळापर्यंत सोडली. आकडा चढत गेला आणि मीटर ओव्हर दाखवून ओरडायला लागला. तो हसायचा थांबला.

हिशेब असा आहे. २०० लिटरच्या ड्रममधली हवा पेटण्याजोगी व्हायला टोल्युइनची साधारण सव्वा टक्का वाफ पुरते, म्हणजे अडीच लिटरच्या आत. एवढी वाफ द्यायला द्रव किती लागतो? दहा-बारा मिलिलिटर. चहाचे दोन चमचे. ड्रम उपडा करून थेंबन् थेंब काढला असं वाटतं, तेव्हाही शिवणीत तेवढं राहतंच. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा ड्रम घातक, तो यामुळे. ड्रम कापायचाच नाही. अधिकृत रिसायकलरला द्यायचा. कारखाने कायद्याच्या कलम ३७ मध्येच लिहिलं होतं की ज्या टाकीत किंवा भांड्यात असा पदार्थ आहे किंवा होता, तो काढून, वाफ घालवून सुरक्षित केल्याशिवाय त्यावर वेल्डिंग-कटिंग करायचं नाही.

मीटरबद्दल गैरसमज फार आहेत म्हणून सांगतो. मीटरवर १०० म्हणजे हवेत १०० टक्के वायू नव्हे. पेटण्याची किमान मर्यादा गाठली असा त्याचा अर्थ. वेल्डिंगच्या परमिटवर, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या लेखी परवानगीवर, आकडा शून्य हवा. वर, मध्ये, तळाशी, तिन्ही ठिकाणी बघायचं. आणि नेहमीच्या मीटरला काम करायला ऑक्सिजन लागतो, म्हणून बंद टाकीत ऑक्सिजन कमी असेल तर तो चुकीचा, कमी आकडा दाखवतो. आधी ऑक्सिजन बघा, मग एलईएल. धुळीसाठी मात्र हा मीटर काही कामाचा नाही. एलिव्हेटरवर वेल्डिंग करायचं तर तो रिकामा करून, आतून झाडून, आजूबाजूची धूळ ओली करून, आणि काम संपल्यावर तासभर तरी माणूस बसवून. उन्हाळ्यातलं अजून एक खूळ: घाम आला म्हणून ऑक्सिजनची नळी शर्टात सोडणारे वेल्डर मी पाहिलेत. कापडात ऑक्सिजन मुरतो, मग एक ठिणगी आणि शर्ट कापरासारखा पेटतो. असं करणाऱ्याला तिथल्या तिथे घरी पाठवा.

फॉर्मच्या त्या रकान्यात काय लिहायचं याचा एक नमुना देतो, एलिव्हेटरचाच: “एलिव्हेटर क्र. २, आतील भाग. तूर व उडीद टरफलाची धूळ. मिल चालू असताना सतत धुळीचा ढग. ठिणगीचे संभाव्य स्रोत: पट्टा घसरणे, बेअरिंग तापणे, खिळा-दगड, वेल्डिंग. सध्याची व्यवस्था: चुंबक आहे, गती सेन्सर नाही, दाब सोडणारी झडप नाही. बाहेरच्या बीमवर धुळीचा थर: पाहणीच्या दिवशी एक मिलिमीटरपेक्षा जास्त. करायचे: सेन्सर (मालक, अमुक तारखेपर्यंत), झाडलोट पंधरवड्याला (सुपरवायझर, वहीत सही), परमिटशिवाय वेल्डिंग बंद (आजपासून).” बघा, यात ‘जोखीम मध्यम’, ‘जोखीम उच्च’ असले शब्द नाहीत. ते हवे असतील तर सल्लागार टाकेल. जागा, पदार्थ, वेळ, ठिणगी, माणसाचं नाव आणि तारीख, एवढं प्रत्येक जागेसाठी लिहिलं की विमावाल्यालाही पुरेल आणि औद्योगिक सुरक्षा संचालनालयाच्या निरीक्षकालाही. लिहिताना क्रम लक्षात ठेवा: आधी पदार्थ कमी करता येतो का, बदलता येतो का, मग तो बाहेर सुटू न देणं, मग सुटला तर हवा खेळवून पातळ करणं, ठिणगीचा विचार त्यानंतर. बरेच लोक ठिणगीपासून सुरू करतात आणि ‘धूम्रपान निषिद्ध’ची पाटी लावून थांबतात.

आता तुमचा एफएलपीचा प्रश्न. सगळीकडे लागत नाही. वायू-वाफेच्या जागेचे तीन भाग करतात: झोन शून्य म्हणजे जिथे पेटती वाफ सतत असते, जसं ड्रमच्या आत, एक म्हणजे रोजच्या कामात अधूनमधून येते, दोन म्हणजे काही बिघडलं तरच, आणि थोडा वेळ. धुळीचे याच धर्तीवर २०, २१, २२. आपल्याकडे वायूंसाठी आयएस ५५७२ हे मानक आहे. भावाच्या गाळ्यात शाईच्या ट्रेभोवती आणि थिनर ओततात त्या जागेभोवती झोन एक निघेल, त्यापलीकडे थोडा झोन दोन, आणि बाकीचा गाळा कदाचित मोकळा. एकदा जाणकाराकडून हद्द ठरवून घ्या आणि फरशीवर पिवळ्या पट्ट्याने आखा. कागदावरचा नकाशा कुणी बघत नाही, पट्टा सगळ्यांना दिसतो.

एफएलपी नावाला भुलू नका. मी उघडून पाहिलेल्या एफएलपी बोर्डांपैकी कितीतरींना आठपैकी पाचच बोल्ट होते, किंवा न वापरलेल्या केबलच्या भोकात चिंधी कोंबलेली. तीन बोल्ट नसलेलं एफएलपी म्हणजे महागडा साधा डबा. आतली ठिणगी आत ठेवणं हेच त्याचं काम, ते तो करत नाही. शिवाय वायूसाठीची फिटिंग धुळीला चालेलच असं नाही. धुळीला आत शिरू न देणारी आणि वरच्या थराखाली फार न तापणारी मोटर लागते, आणि तो थर तुम्ही झाडत नसाल तर तिचाही उपयोग नाही.

म्हणून खरेदीला निघण्याआधी इलेक्ट्रिशियनला एका दिवसासाठी बोलवा. फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या आत जे स्विच, प्लग, चार्जर, पंख्याचे रेग्युलेटर आहेत, त्यातलं काय काय भिंतीच्या पलीकडे, मोकळ्या हवेत नेता येतं ते त्याला विचारा. छपाईच्या गाळ्यांत बहुतेक सगळं नेता येतं, आणि आत उरतात दोन-तीन दिवे आणि एक मोटर. एफएलपी फक्त तेवढ्यालाच घ्या.